गायरानातली मोजणी

४ ऑक्टोबर, कच्छ
दसरा झाला. आज सोलरच्या प्लेटा बसवताना डोक्यावरून भोवत्या गेला. घारीसारखं शिकारी पाखरू, करडा नर, पंखांची टोकं काळी. मागून अजून दोघं. सगळे दक्षिणेला, म्हणजे आपल्याकडंच. मुकादम उमरीचा, आपल्याच नांदेडकडला. म्हणला, वर काय बघून राहिला? काय सांगू.

७ ऑक्टो.
गावी किसनकाकाला फोन. इकडून निघाले म्हणलं. लई खूश. मग हळूच सांगितलं, गाव यंदा गायरानातलं सगळं गवत कापणार. दरसाल काका सरपंचाला भोवत्यांचा आकडा सांगतो, म्हणून ओढ्याकडचा तुकडा उभा राहतो. पाखरं रात्री त्याच गवतात बसतात. यंदा काकाच्या डोळ्यात मोतीबिंदू. "घार का भोवत्या, वळखंना." आकड्याशिवाय सरपंच ऐकत न्हाई. दिवाळी झाली की विळे लागणार.
तू ये, असं काका म्हणला न्हाई.

८ ऑक्टो.
दिवसभर गायरान डोळ्यापुढं. आम्ही पाठीला पाठ लावून उभं राहायचो. काका मावळतीकडं, मी उगवतीकडं. घिरट्या घालणारा मोजणीत धरायचा न्हाई. गवतात बसला की एक फुटाणा या खिशातून त्या खिशात. पहिल्या साली मी मोजता मोजता फुटाणे खाल्ले. काका म्हणला, "गिधाडा, भोवत्या खाल्लास व्हय?" घर येईस्तोवर हसत होता. दुसऱ्या दिवशीपासून चिंचोके.
पांढुरका नर शेवटाला यायचा. बसला की माळानं गिळल्यासारखा. शाळेत सातवीपर्यंत एका जागी बसवलं न्हाई माझ्याच्यानं. पुढं कामाला गेलो तिथं, पुण्यात न्हाई, सुरतेत न्हाई. तिथं मात्र तासभर हलायचो न्हाई.

१३ ऑक्टो.
मुकादमाला रजा मागितली. "पाखरं मोजायला? आईला आजारी पाड की लेका, लगेच देतो." आईला आजारी पाडवंना. गेलास तर जागा दुसऱ्याला, म्हणला.

१६ ऑक्टो.
आज थवाच्या थवा. तशी ही पाखरं एकटी-दुकटी जातात, पण आज... काकाला सांगितलं. इकडून लई निघाले म्हणलं. मला रजा न्हाई, तेबी. काका म्हणला,
"त्यांना कोण रजा देतंय रे बाळ्या?"

१७ ऑक्टो.
कामात ध्यान न्हाई. एक प्लेट उलटी बसवली. मुकादमाच्या शिव्या. बरोबर हाय त्याचं.

१९ ऑक्टो.
पिशवी भरली. दोन शर्ट, चादर, चार्जर. मुकादम दारातून बघून गेला. त्याचंबी गाव तिकडंच.

२१ ऑक्टो., गाडीत
लक्ष्मीपूजन आज. जनरलच्या डब्यात उभा. नांदेडपर्यंत ही, पुढं देगलूरची एसटी. काकाचा फोन आला. म्हणलं, मोजायला मी येतोय, सरपंचाला सांग, दोन दिवस थांबा. सरपंच लातूरला लेकीकडं गेलाय. आल्यावर विचारतो, म्हणला काका. गावात विळ्यांना धार मात्र आजच लावून ठेवलीय.
गाडी मधीच कुठंतरी उभी हाय. कशामुळं, कुणी सांगंना.