बॉल दिसत होता का

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा तुमचा नातू नीट चालतही नव्हता. आता तो दूरच्या राज्यातल्या एका लहानशा व्यावसायिक टीमकडून बेसबॉल खेळतो, आणि या सीझनमध्ये सुरुवातीपासून त्याची बॅट चालतच नाहीये. आधी मी निर्धास्त होतो. इथे अमेरिकेत, चँडलरच्या कॉम्प्युटर-चिप फॅक्टरीत माझा जन्म आकड्यांत गेला. थोडा माल खराब निघाला म्हणून आम्ही मशीन बंद करत नाही, आणखी माल येऊ देतो, मगच निष्कर्ष काढतो. बेसबॉलमध्ये तर प्रत्येक फटक्याचा वेग मोजलेला असतो. त्याचे फटके जोरदार होते, फक्त नेमके कुणाच्या तरी हातात जात होते. म्हणजे नशीब वाईट, बॅट नव्हे. मी आलेख काढून त्याला पाठवायचो, "खेळत राहा, आकडे फिरतील," म्हणायचो. त्याची आई देव पाण्यात घालून बसली होती, मी आकडे घेऊन.

मग एका रविवारी त्याचा फोन आला. "बाबा, प्लीज, नो मोअर चार्ट्स. इट्स नॉट लक. मला बॉल दिसतच नाहीये." त्यानंतर मी ते बघितलं जे बघायचं टाळत होतो. सोडून द्यायच्या बॉलवरही तो बॅट फिरवत होता, आणि ते प्रमाण आठवड्यागणिक वाढत चाललं होतं. मला नागपूरचं मैदान आठवलं. मी शून्यावर आउट होऊन येतोय. तुम्ही ऑफिसमधून थेट सायकलवर आला आहात, कडुनिंबाखाली उभे. रन किती, हे विचारत नाही. माझे पॅड सोडायला वाकता आणि विचारता, "बॉल दिसत होता का रे?" मी नाही म्हणून मान हलवतो. "मग उद्या खेळू नकोस. चल घरी." वाटेत उसाचा रस पाजता, क्रिकेटचं नावही काढत नाही.

मी तसं काही केलं नाही. तोही खेळत राहिला, आणखी खचत गेला. आज सकाळी टीमने त्याला काढून टाकलं. एवढा मोठा मुलगा फोनवर ओक्साबोक्शी रडला. त्याच्या आईला अजून सांगायचंय. हे पत्र कुठे पाठवणार, आणि त्याच्या हाती तर पडायलाच नको. कारण बाबा, तो रडत होता तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की सुटलो, उद्या आकडे बघायला नकोत.