वांग्याची गाय

आई, तुला राग येईल ते आधीच सांगून टाकते. तुझी नात जन्मायच्या आधीच तू गेलीस, आणि तरी गेलं वर्षभर ती सांगत होती की आजी आपल्या घरात राहते. इथे, जपानमधल्या या शहरात, पाचव्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत. तू नागपूरच्या बाहेर फारशी कधी पडलीच नाहीस. शहरालगतच्या वाडीच्या गोदामात ट्रकमधून उतरणारी पार्सलं लिहून घ्यायचीस आणि संध्याकाळी धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवया घेऊन घरी यायचीस. भूतखेत म्हटलं की तुझं डोकं फिरायचं. एकदा आपल्या दारात कुणीतरी लिंबू-मिरची आणि कुंकू ठेवून गेलं होतं. बाया लांबून बघत होत्या, मी रडकुंडीला आले होते. तू लिंबू उचललंस, नळाखाली धुतलंस आणि सरळ चिरलंस. ‘लिंबू हाये ते. लिंबाचं काय होते? सरबत होते,’ म्हणालीस आणि पहिला पेला माझ्याच हातात दिलास. मी डोळे मिटून प्यायले, मला काही झालं नाही. त्या दिवसापासून मीही तुझ्यासारखीच झाले, असं मी धरून चालले होते.

कळमेश्वरच्या कारखान्यातून तुझ्या जावयाची इकडे बदली झाली, तेव्हा मी ऐटीत सगळ्यांना सांगितलं होतं, आपण बौद्ध, तेही बौद्ध, मग अडचण कसली. पहिले काही महिने नुसते कचऱ्यात गेले. कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा ते कळेना, आणि आमच्या पिशव्या चिठ्ठी चिकटून जिथल्या तिथे राहायच्या. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने एक दिवस बाह्या सरसावून माझी पिशवी रस्त्यावरच उपसली आणि शिकवलं. पोरगी शाळेत तोंड उघडत नव्हती. दुपारची ती त्या म्हातारीकडे बसायला लागली, तेव्हा मला हायसं वाटलं. मग ऑगस्टमध्ये ती तिच्याकडून एक काकडी आणि एक वांगं घेऊन आली. दोघांनाही काड्यांचे चार-चार पाय. मला वाटलं, हस्तकला असेल. खिडकीत दोन-तीन दिवस राहिल्यावर वांगं सुरकुतायला लागलं. अन्न वाया घालवायचं नाही ही तुझीच शिकवण, म्हणून मी काड्या उपटल्या, काकडीची कोशिंबीर केली आणि नागपूरहून आणलेला सावजी मसाला घालून वांग्याची भाजी.

पोरीने ताट पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. ‘आता आजी कशी जाईल?’ एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हातारीने मला बसवून समजावलं. या दिवसांत इथे घरोघरी मेलेली माणसं येतात. काकडी म्हणजे घोडा, त्यावर बसून ती लवकर येतात. वांगं म्हणजे गाय, तिच्यावर बसून हळूहळू परत जातात. पोरीने तुझ्यासाठी घोडा आणि गाय केली होती. आपण श्राद्ध करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आणि इथे बौद्धांच्याच घरात हे. मला हसू आलं. घरी सांगितलं तर जावईही हसले. ‘जायची गाय तर तू खाऊन टाकली. आता तुई माय इथंच राह्यते,’ म्हणाले.

हसणं फार दिवस टिकलं नाही. एका संध्याकाळी जेवताना पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘काहून वं, मीठ टाकलंच नाई का?’ आम्ही तिच्याशी असं बोलत नाही, आई; हे तुझं बोलणं. तिचं मराठी तर निम्मं पुसत चाललं होतं. जावई म्हणाले, मावशीचं फोनवर ऐकलं असेल, आणि मीही होय म्हटलं. पण भाजीत मीठ खरंच नव्हतं, आणि पोरीने अजून घास घेतलेला नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की खालची म्हातारी आमच्या दारात आली की दोनदा वाकते. एकदा मला. दुसऱ्यांदा माझ्या खांद्यामागे बघून, जरा जास्त खाली. मी एकदा मागे वळून पाहिलं, तर मागे फक्त स्वयंपाकाचा ओटा होता आणि नळाचं पाणी चालू होतं. मी तो उघडला होता की नाही, मला आठवेना.

इथवर मी निभावलं असतं. खरं सांगू, बरंही वाटत होतं. पण पोरीने बागेत जाणं सोडलं. खाली वर्गातली मुलं हाका मारायची आणि ही खिडकीत बसून राहायची. ‘आजीले एकटं सोडून कशी जाऊ?’ पावसाळ्यात ती वाळली, शाळेतून तक्रार आली की ती कोपऱ्यात बसून कुणाशी तरी बोलते. आणि एक दिवस केस विंचरून घेताना तिने सहज विचारलं, ‘आजी म्हणते माझ्या घरी चल. तिथं कसं जातात वं आई?’ मी कंगवा बाजूला ठेवला. तू असं म्हणणार नाहीस, हे मला माहीत आहे. तरी मी तिला घट्ट धरून खूप वेळ बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तुझी भीती वाटली.

म्हणून या ऑगस्टमध्ये मी स्वतः बाजारात जाऊन वांगं आणलं. लिंबाचं सरबत करणारीच्या मुलीने. पोरीने पाय लावले, मी ते घट्ट बसलेत ना ते पाहिलं. आज संध्याकाळी इमारतीच्या दारात म्हातारीने मातीच्या ताटलीत निरोपाचा विस्तव म्हणून काड्या पेटवल्या आणि गाईचं तोंड रस्त्याकडे केलं. पोरगी आगीकडे बघत म्हणाली, ‘आजी, तू जाय आता. मी खेळायले जातो.’ आणि खरंच गेली. बागेतून तिच्या ओरडण्याचा आवाज आला; तिचा इतका मोठा आवाज मी विसरूनच गेले होते. विस्तव निवला तशी म्हातारी म्हणाली, झालं, आता मागे न बघता वर जा. मागे बघितलं तर गेलेली माणसं परत येतात. आपल्याकडेही घाटावरून परतताना बाया हेच म्हणतात, आणि तू त्यांना झापायचीस.

हे पत्र मी कुठेही टाकणार नाही. तुझी नात झोपली आहे, भरपूर जेवून, गुडघा खरचटवून. सकाळी ती पुन्हा खेळायला जाईल, आणि मला एवढंच हवं होतं. फक्त एक गोष्ट तुला सांगायची राहिली. वर येताना मी लिफ्टमध्ये एकटीच होते, आणि दार मिटायला लागलं तेव्हा मी उघडं ठेवायचं बटण दाबून धरलं. ‘पोरीजवळ जाऊ नको,’ मी म्हणाले, ‘माझ्याजवळ राहा,’ आणि एका बाजूला सरकून उभी राहिले.