मेंढरांना कळतं

प्रिय नईम,

तीन ईद झाल्या, तू घरी आला नाहीस. तू उडवतोस ते विमान रडारलाही दिसत नाही, एवढंच एकदा बोलून गेलास.

यंदा विट्याच्या आपल्या रानात खतासाठी बिरदेव धनगराची मेंढरं बसवलीत. मंगळवारी सकाळच्या गारव्यात ती एकाएकी एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहिली. आभाळ रिकामंच होतं.

"आवं बाई, वरनं कायतरी गेलं बगा. आपल्याला न्हाई, मेंढरास्नी कळतंय," बिरदेव म्हणाला.

लहानपणी आपण हलवायचो, तसा मी वर बघून हात हलवला.

हे पत्र मी टाकणार नाही. मेंढरांना चाहूल लागते हे तुम्हा विमानवाल्यांना कळलं, तर तेवढीही खोट काढून टाकाल. मग तू डोक्यावरून गेलास, हे मला कोण सांगणार?

रानात उभी असलेली,
तुझी फिरदोसआपा