ओली दस्ती

आप्पा, आपली लाइन परत बंद आहे. या वेळी थोड्याच दिवसांपुरती, रुळांचं काहीतरी काम काढलंय म्हणे. पण मी सवयीनं पिशवी घेऊन स्टेशनात गेले, तर तिथला माणूस म्हणाला, गाडी नाही मावशी, रोडवर जावा, आणि परत मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. पितरपाट चालू आहे. आज तुमची तिथी, म्हणून दादाकडं यायचं होतं. आपली येडशी म्हणजे आमच्या गावाहून पुढचंच स्टेशन. गाडी असली की हातातला चहा निवेपर्यंत माणूस पोचतं, आणि गाडी नसली की तेच गाव परमुलखात गेल्यासारखं होतं. हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

तुम्ही होतात तेव्हा छोटी गाडी होती. दर सोमवारी शिलाईचं दुकान बंद ठेवून तुम्ही सकाळच्या गाडीनं यायचात आणि माझ्या घरी न येता स्टेशनातल्या लिंबाखाली बसायचात. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हा तुमचा नेम. तसा तो इतरांचाही होता, पण इतरांना वर्ष-दोन वर्षांत नातू झाले आणि त्यांचा नेम आपोआप सुटला. तुमचा सुटायचं नाव घेईना, कारण मला लेकरूच होत नव्हतं. स्टेशन कोणाच्या घरचं नव्हतं, म्हणून तिथं सगळं चालायचं. लेक रिकाम्या हातानं यायची आणि पाहुणा आलेला बाप तिला जेवायला घालायचा, असा आपला उलटाच कारभार. आईनं बांधून दिलेली धपाटी, शेंगांची चटणी, दिवस असले तर रामलिंगाच्या डोंगरातली सीताफळं. जेवण झालं की स्टेशनच्या नळाला ओंजळ लावून आपण पाणी प्यायचो. सासूबाई म्हणायच्या, तुझ्या बापाला आमच्यापेक्षा रेल्वे जवळची सोयरी दिसते. मी हसून दाखवायचे आणि आतून जळायचे. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. माझ्या चुलीचा धूर तुम्हाला दिसायचा, आणि तुम्ही त्याच्याकडं पाठ करून बसायचात.

मग रुंद रूळ टाकायचे म्हणून छोटी गाडी बंद झाली. जुने रूळ उपटून नेले, स्टेशनाला कुलूप लागलं. मला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? जीप फाट्यावर सोडते आणि फाट्यावरून गावात येणारा रस्ता आमच्या दारावरून जातो. स्टेशनच उरलं नाही तर आता बसाल कुठं, असं मी धरून चालले होते. सोमवारी सहज म्हणून बघायला गेले, तर उखडलेल्या लाइनीच्या भरावावरून तुम्ही चालत येत होतात, धोतर वर खोचलेलं, डोक्याला दस्ती गुंडाळलेली. तुमच्या दस्त्यांना काठ तुम्हीच घालायचात, गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून उरलेल्या दोऱ्यांनी, त्यामुळं एकीचा काठ हिरवा, एकीचा जांभळा, एकीचा अर्धा लाल नि अर्धा पिवळा. तुम्ही लिंबाखाली बसलात, घाम पुसलात आणि काही झालंच नाही अशा थाटात धपाट्यांचं फडकं सोडलंत.

चैत्र संपत आला तसा नळही गेला. कुलूप लावलेल्या स्टेशनाला पाणी कोण सोडणार? त्या सोमवारी तुमची बाटली वाटेतच संपली होती. ओठांना पापुद्रे सुटले होते, घास गिळताना तुम्ही मान वर करत होतात. मी धावत घरी गेले आणि रांजणातलं गार पाणी तांब्यात घेऊन आले. कुठलं, असं तुम्ही विचारलंत. घरचं, मी म्हटलं. शेजारचं म्हणता आलं असतं, तुम्ही खात्री करायला थोडेच जाणार होतात? पण आप्पा, तुम्ही माझंच पाणी प्यावं असं मला वाटत होतं. शेजारणीचं पाजून मला काय मिळणार होतं? तुम्ही तांब्या दोन्ही हातांत धरलात.

"बाई, म्या ह्ये पाणी प्यालो म्हंजी आशा सोडली असं हुईल," तुम्ही म्हणालात. "म्या आजून सोडली न्हाई."

"आन् म्या सोडली आसंल तर?" मी विचारलं.

तुम्ही उठलात. डोक्याची जांभळ्या काठाची दस्ती सोडलीत, सगळा तांब्या तिच्यावर ओतलात, डोक्याला चालतंय म्हणालात, आणि निथळती दस्ती गुंडाळून उन्हात परत निघालात. मी रिकामा तांब्या घेऊन उभी होते. मला तुमचा इतका राग आला की तुम्ही तहानलेले गेलात, हे तुम्ही वळणाआड झाल्यावरच ध्यानात आलं.

पुढच्या थंडीत तुम्ही गेलात तेव्हाही लाइन बंदच होती. निरोप आला तशी मी निघाले, पण जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलेना. पोचले तेव्हा दादाचं तुमच्या तोंडात पाणी घालून झालं होतं. शांतपणे गेले, असं सगळे सांगत होते. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, शेवटचा घोटसुद्धा माझ्या हातचा नाही. तेवढी एक गोष्ट मी तुम्हाला माफ केली नव्हती. लेकरू पुढंही झालं नाही. मोठी गाडी सुरू झाली, मी तिनं कितीदा तरी माहेरी आले-गेले, पण तुम्ही चालत यायचात त्या वाटेवरच्या बाभळी आल्या की खिडकीतून तोंड फिरवून घ्यायचे.

आज रोडवर मिळालेल्या मॅजिक रिक्षात माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. गाडी बंद म्हणून बाकीचे कुरकुर करत होते, तसा तो हसायला लागला. ह्ये काय बंद म्हणायचं, तवा तर वर्सं न् वर्सं बंद हुती, म्हणाला. तेव्हा तो त्या भरावाच्या कडेनं शेरडं राखायचा. रूळ नव्हते म्हणून लई माणसं भरावावरून चालत जायची, आणि त्यातला एक म्हातारा त्याच्या ध्यानात राहिला होता.

"उन्हाळ्यात बाभळीखाली बसला हुता, दस्तीचं टोक तोंडात धरून," तो सांगत होता. "चोखत हुता वो, लेकरावानी. म्या बाटली म्होरं केली, तर न्हाई म्हणला. हाय माझ्यापाशी पाणी, म्हणला."

मी पदर तोंडाला लावला. धूळ आहे, असं त्याला वाटलं असावं. तहानच भागवायची असती तर समोर बाटली होती. म्हणजे तुम्ही माझं पाणी प्यायलात, आप्पा. त्याच दिवशी आशा सोडलीत का? सोडली असली तर सोडली, मला त्याचं काही नाही. पण ते तुम्हाला एकट्यानं, कोणी बघत नाही असं समजून प्यावं लागलं, याचं फार वाईट वाटतं. माझ्यासमोर प्यायला असतात तर मी एक शब्द बोलले नसते.

दादानं तुमचं पान वाढलं, पाणी सोडलं. मी त्याला यातलं काही सांगितलं नाही, आणि हे लिहिलेलंही कुठं पाठवायचं नाही. फक्त एक तुम्हाला सांगून ठेवते. येडशीच्या फाट्यावर तो म्हातारा माझ्याबरोबरच उतरला आणि पिशवी सावरत माझ्याच बाजूला थोडा वेळ उभा राहिला. त्या भरावावरून किती जण चालायचे, दस्ती तर सगळ्यांच्याच डोक्याला असायची. त्या दस्तीचा काठ कुठल्या रंगाचा होता, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.