सहावा काळा पेला

४ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण वरच्या मजल्यावरच्यांचा नळ. त्याचं पाणी झिरपत झिरपत माझ्या काचेच्या कपाटापर्यंत आलंय. आता भिंत फोडणार, महिनाभर नुसता धुरळा. म्हणून माझं सगळ्यात जपलेलं खोकं तुझ्याकडे पाठवलंय. त्यात सहा काळे पेले, बर्फाचं भांडं आणि कॉकटेल हलवायचा डबा आहे. पाच पेले एकोणीस वर्षांपूर्वी मिळाले होते. सहाव्यासाठी किती दुकानं पालथी घातली ते तुला माहीतच आहे! शेवटी गेल्या वर्षी एका बंद पडलेल्या हॉटेलच्या भंगारात सापडला.

जन्मात दारूचा थेंब न घेतलेला माणूस ही भांडी गोळा करतो म्हणून तू हसतेस, हस. चाळीस वर्षं लोकांना आरपार दिसावं म्हणून चष्म्याच्या काचा घासल्या. आता आरपार न दिसणारी काच हातात घेतली की बरं वाटतं.

दाजींना खोकं उघडून कुठे टवका गेलाय का बघायला सांग, त्यांचा हात हलका आहे. धुवायचेच झाले तर कोमट पाण्याने धू. घासणी लावलीस तर कडेचा चांदीचा पट्टा जाईल आणि मग माझ्याशी गाठ आहे.

दोघांनी तब्येती सांभाळा.
तुझा दादा


१५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. तुझे पेले धड आहेत, माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही. अरे, पाठवताना तुला काहीच कसं वाटलं नाही? यांनी दारू सोडल्याला आता कुठे चौदा महिने होताहेत. लिफ्टच्या कामावर परत घेताना साहेबांनी बजावलंय, पुन्हा एकदा तोंडाला वास आला तर कायमचं घरी बसायचं. आणि तू बारचा सगळा सरंजाम घरपोच करतोस! विस्तवापाशी लोणी ठेवू नये एवढंही कळत नाही का रे तुला?

यांनी खोकं उघडलं, एकेक पेला पुसला आणि त्यातला एक ठेवूनच घेतला. तुझा तो लाडका सहावा. कामावरून आले की तो घेऊन खिडकीत बसतात. आत गार केलेला कोरा चहा आहे म्हणतात. बाटली फ्रिजमध्ये आहे खरी, आणि तिच्यात चहाच आहे. पण पेल्यात काय आहे ते मला कुठे दिसतंय? पूर्वी स्टीलच्या भांड्यातून पाणीच पितोय असं हेच सांगायचे ना!

संशय घेते म्हणून माझीच मला लाज वाटते. नाही घेतला तर भीती वाटते. काल एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्या काचेवर टॉर्च मारला तर आतलं दिसतं का रे? लगेच कळव.

रागावले असले तरी तुझीच आहे.
भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

चूक माझी, शंभर टक्के माझी. तुला खोटं वाटेल, पण ती पिण्याची भांडी आहेत हे माझ्या ध्यानातच येत नाही गं. वहीत मी त्यांची उंची लिहितो, वजन लिहितो, कुठे ओरखडा आहे ते लिहितो. त्यांत कोणी काही ओततं, हे एकोणीस वर्षांत मनात आलं नाही. अक्कल गहाण टाकली होती म्हण.

टॉर्चचं म्हणशील तर ही जुनी काच मुळात काळी नाहीच. मागून जोराचा उजेड टाकला की गर्द जांभळी दिसते. पण मग पाणीही जांभळं, चहाही जांभळा आणि दारूही जांभळीच. तेव्हा तो नाद सोड.

त्यांना सरळ विचार. चोरून वास मात्र घेऊ नकोस. तुझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही, लगेच पकडली जाशील. तू म्हणशील तर उद्या येऊन खोकं घेऊन जातो. भिंत गेली खड्ड्यात.

तुझा मूर्ख दादा


३ मार्च

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

माझं अक्षर बघून चक्रावला असाल. इतक्या वर्षांत मी तुम्हाला दोन ओळी लिहिल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात कामावरून आलो, ग्लास भरून ठेवला आणि हातपाय धुवायला गेलो. टॉवेल विसरला म्हणून परत आलो, तर ही ग्लासात नाक घालून उभी. धूळ पुसत होते असं म्हणाली. डोळे भरलेले होते. माझं डोकंच फिरलं. नाही नाही ते बोललो. तेव्हा तिने तुमचं पत्र माझ्यापुढे टाकलं. ते मी दोनदा वाचलं.

दादा, मी तो ग्लास का घेतला ते तिलाही सांगितलं नव्हतं. चौदा महिने माझ्या हातात काहीही असलं, तरी लोक आधी भांड्यात बघतात आणि मग माझ्या तोंडाकडे. साहेब बघतात, शेजारी बघतात, ही तर बघतेच. त्यांचं चुकत नाही, मी वागलोच तसा. पण तुमच्या काळ्या ग्लासात कोणाला बघता येईना. साधा चहा, पण कितीतरी दिवसांनी निवांत प्यायलो. माझ्या त्या निवांतपणापायी हिची झोप उडाली, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

खोकं न्यायला याल तेव्हा त्यात पाचच ग्लास असतील. तुमचा संच मोडतो हे कळतंय, तरी मागतो. सहावा मला राहू द्या.

त्या दिवसापासून मी रोज शेवटचा घोट शिल्लक ठेवतो आणि ग्लास तिच्या शिलाई मशीनवर नेऊन ठेवतो. पहिले चार दिवस तिने आधी वास घेतला, मग प्यायली. काल वास न घेताच पिऊन टाकला, आणि साखर जास्त झालीय म्हणून मला चांगलं फैलावर घेतलं. दादा, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आजवर ठेवलात तसाच लोभ यापुढेही ठेवा.
तुमचा दाजी