एकशेचौसष्टावी फेरी

बुधवार, ११ मार्च

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या काकूचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड शाबूत आहे, त्यामुळे घरात काही अडत नाही. फोन करायचा सोडून काका पत्र काय लिहीत बसलाय, असं म्हणशील. फोनवर मी विषय सोडून बाकी सगळं बोलतो, म्हणून.

क्लबला पन्नास वर्षं झाली, स्मरणिका निघतेय आणि तिच्यातला इतिहास लिहायचं लोढणं माझ्या गळ्यात पडलंय, हे तुला माहीत आहेच. मी सगळ्या धावणाऱ्यांना एकच प्रश्न पाठवला होता: लांब पल्ल्याचं धावणाऱ्याला आपल्या खेळाचा इतिहास माहीत असला तर काही फरक पडतो का? उत्तरं मजेशीर आली. बेकरीवाला म्हणतो, सत्तराव्या किलोमीटरला आपल्याआधी इथं कुणीतरी रडत धावलंय एवढं माहीत असलं तरी पुरे. दातांच्या डॉक्टरीणबाई लिहितात की आपल्या क्लबातले पहिले लोक वीस किलोमीटरपर्यंत पाण्याला शिवत नसत, पाणी मागणारा कच्चा समजला जाई. हे वाचल्यापासून त्या कोचचा प्रत्येक शब्द चाळून घेतात. तू मात्र एका ओळीत निकाल लावलास: "काका, पायांना वाचता येत नाही."

हसलो. दोन दिवस तुझ्याच बाजूनं विचार केला. पोटऱ्या भरून आल्यावर कुणाला कोण कधी धावलं ते आठवतंय? पण मग मनात आलं, इतिहास नको म्हणणारी ही पोरगी चार वर्षं कशामागे धावतेय? आठ तास, एकवीस मिनिटं, चाळीस सेकंद. तुझ्या बाबांची शंभर किलोमीटरची वेळ, क्लबच्या फळ्यावर एकोणतीस वर्षं सगळ्यात वर. तोही इतिहासच आहे, बाई. तो कुणी लिहिला, एवढं तू कधी विचारलं नाहीस.

मी लिहिला.

तेव्हा आत्तासारखी बुटाला बांधायची चिप नव्हती. शंभर किलोमीटर म्हणजे मैदानाच्या अडीचशे फेऱ्या, आणि प्रत्येक धावणाऱ्यानं आपला मोजणारा घरून आणायचा अशी पद्धत. टेबलावर अडीचशे चौकटींचा कागद. आपला माणूस रेषेवरून गेला की चौकटीत घड्याळातली वेळ लिहायची आणि मोठ्यानं आकडा ओरडायचा; त्यानं हात वर करायचा. दादानं मला नेलं, कारण मी वजनमापं खात्यात नुकताच लागलो होतो. दुकानदारांचे तराजू तपासणारा भाऊ म्हणजे चूक व्हायचीच नाही, असं तो सगळ्यांना सांगत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

संडास आमच्या टेबलाच्या मागे होता, आणि तिकडची वाट मैदानात शिरायची ती रेषेच्या आधी आठ-दहा पावलांवर. एकशेत्रेसष्टावी फेरी पुरी करून दादा रेषा ओलांडून गेला, थांबला, मागे वळून संडासला गेला. परत आला तो त्या वाटेनं, आणि तीच रेषा पुन्हा ओलांडली. मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होतो. पाय दिसले, वेळ लिहिली, "एकशेचौसष्ट" म्हणून ओरडलो. त्यानं हात वर केला. पाच तास धावलेल्या माणसाला आपण कितव्या फेरीत आहोत हे कुठलं कळायला.

संध्याकाळी कागद स्वच्छ उतरवताना मला ते दिसलं. प्रत्येक फेरीला दोन मिनिटं आणि मध्येच एकीला सव्वा मिनिट. दोनदा वाचलं, आणि दादा मध्येच संडासला गेला होता ते आठवलं. मग बाहेर पाहिलं, तर दादाला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं आणि आमचे आप्पा टाळ्या वाजवत होते. दादाला उडाणटप्पू यापलीकडे काही न म्हणणारे आप्पा. त्यांना टाळ्या वाजवताना मी जन्मात तेवढं एकदाच पाहिलं. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी फळ्यावर रंगवणारा आला.

म्हणजे तुझे बाबा त्या दिवशी दोनशे एकोणपन्नास फेऱ्या धावले. उरलेली एक धावले असते तर आठ तास तेवीस मिनिटांच्या पुढे गेले असते. गेल्या वर्षीची तुझी वेळ आठ बावीस अठ्ठेचाळीस. तू अडुसष्ट सेकंदांनी हरलीस असं सगळे म्हणाले. तू जिंकली होतीस.

हे सगळं मी स्मरणिका छापून होईपर्यंतही गिळून बसलो असतो, खोटं कशाला बोलू? पण परवा वहिनीचा फोन आला. तुझ्या नडगीच्या हाडाला चीर गेलीय, डॉक्टरांनी सहा आठवडे धावायचं नाही असं बजावलंय, आणि तू पट्टी बांधून रविवारच्या शंभर किलोमीटरला उतरणार आहेस. "बापलेकींपुढं माझं कोण ऐकतंय, भावजी," म्हणाली. त्या रात्रभर मला झोप लागली नाही.

गुरुवार

काल इथंच थांबलो होतो. आधी दादाला सांगायला हवं, म्हणून आज सकाळी तो जुना फेऱ्यांचा कागद घेऊन त्याच्याकडे गेलो. तू कामावर गेली होतीस.

आधी हसला. मग चष्मा मागितला. बोट ठेवून एकेक चौकट वाचत गेला आणि एकशेचौसष्टपाशी थांबला. मला वाटलं, आता मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"टिटवीला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग रविवार जाऊ दे."

"दादा, तिच्या पायाचं काय?"

"पाय बरा होतो रे," म्हणाला. "तिला माझी वेळ मोडायचीय. मोडू दे की. मग तिच्या नावाखाली का होईना, माझी वेळ फळ्यावर खरी म्हणून राहील."

मी कागद उचलला आणि निघालो. दारापर्यंत तो आला नाही. त्याचा राग आला नाही, त्याची कीव आली, आणि ही पाळी मीच त्याच्यावर आणली होती. तू त्याला फार बोलू नकोस. शंभर किलोमीटरला एक फेरी कमी, तरी त्या काळात तसं धावणारा दुसरा कुणी नव्हता.

हे पत्र काकू तुझ्या हातात आणून देईल. मी येत नाही, कारण तुझ्यासमोर मी पुन्हा गप्प बसेन. मूळ कागद सोबत आहे. ती चौकट लाल पेन्सिलीनं गोल केलीय. क्लबच्या सेक्रेटरीला चिठ्ठी आजच दिली: फळ्यावरची दादाची वेळ माझ्या चुकीनं लागलेली आहे, ती उतरवावी, आणि वर तुझं नाव लिहावं. एवढ्यानं सगळं फिटलं असं मी समजत नाही. रविवारी उतरायचं की नाही, हे तुझं तू ठरव. फक्त त्या आकड्यासाठी उतरू नकोस, तो आता नाहीच.

एक राहिलं. गेल्या वर्षी शर्यत संपल्यावर तू गॅलरीच्या खालच्या पायरीवर बसून हुंदके देत होतीस, आठवतं? शेजारी मी होतो, तुझी बाटली धरून. मनातल्या मनात वजाबाकी करून मोकळा झालो होतो. तू जिंकलीयस हे त्या मैदानावर एकट्या मला माहीत होतं. आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "पुढच्या वर्षी होईल." तुझ्या हाडाला चीर पडली ती त्या वाक्यानं. माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव, मी थांबेन.

दादाचा भाऊ म्हणून फार वर्षं राहिलो. आज फक्त

तुझा,
काका