कापलेली कड

प्रिय धाकट्या,

तू माझे फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद पुढ्यात घेतला. पत्र निदान तुझ्या दारात येऊन पडेल.

तुझी मोटरसायकल मी कापली. आधीच सांगते, म्हणजे तुझं डोकं एकदाच तापेल. सहा वर्षं ती मागच्या खोलीत चादरीखाली उभी होती. महिन्यापूर्वी बाबांनी हट्ट धरला, की एकदा मला त्या गाडीवर मागे बसवून कारखान्यापर्यंत ने. जन्मभर त्यांनी तिथे फायबरच्या होड्या केल्या, आणि त्याच धुळीने त्यांची छाती धरली होती. दोन खोल्या चालले तरी दम लागायचा. टॅक्सीने जाऊ म्हटलं तर तोंड फिरवून बसले. आपल्या घरातले पुरुष हट्टाला कधी कमी पडलेत? पण तू ती गाडी एकट्यापुरती केलेली. सीटमागे तुझा तो ऐटबाज फायबरचा उंचवटा, तिथे माणूस सोड, पिशवीसुद्धा टिकायची नाही. हा बायकोला बसने पाठवणार, असं बाबा चिडवायचे, आठवतं?

मी दातांच्या कवळ्या करणारी बाई. रेझिन कालवणं, घासणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं. बाबा दारात खुर्ची टाकून बसायचे आणि तोंडाला फडकं बांध म्हणून दर पाच मिनिटांनी ओरडायचे. करवतीने उंचवटा उतरवला आणि कापलेली कड पाहून माझा हात थांबला.

तू तो साच्यातून काढलास तेव्हा बाबांनी अंगठ्याने दाबून पाहिला होता. कागदासारखा आहे, पहिल्या आपटीत फुटून पाठीत घुसेल, म्हणाले. दोन थर पुरतात, असं तू ठणकावलंस. मग वळणावर पडलास, आणि खरचटलेल्या कोपरांनी गाडी त्यांच्यापुढे आणून उभी केलीस. उंचवट्याला तडासुद्धा नव्हता. बाबा नुसतं हं म्हणाले आणि पेपर वाचायला बसले. ते हं तुला इतकं लागलं, की आठवड्यात बॅग भरलीस.

कडेत तुझे दोन थर दिसत होते, बुडबुड्यांनी भरलेले, राग मानू नकोस. आणि आतून आणखी तीन. होडीच्या बुडाला लावतात ते विणलेलं कापड, एकही बुडबुडा नाही. मी बाबांकडे पाहिलं. तू दोन दिवस बाहेर गेला होतास तेव्हा लावले, असं त्यांनी कबूल केलं. मग पडल्यावर तरी त्याला सांगायचं होतं, मी म्हटलं. तर म्हणाले, पोरगा इतका खूश होऊन आला होता.

रविवारी जायचं ठरलं. उंचवट्याच्या जागी दोघांपुरत्या सीटचा तळ करायची मी घाई केली. थोडं थोडं पसरट भांड्यात कालव, असं बाबांनी बजावलं होतं. पण मला कवळीपुरतं, नखाएवढं कालवायची सवय. मी सगळं रेझिन एकदम मगात ओतलं आणि ते घट्ट करणारं हार्डनर अंदाजाने टाकलं. मगाला हात लावला तर चटका बसेल इतका तो तापला. तसंच थापलं. धूर निघाला आणि सीटचा तळ तडकला. बाबा खोकला येईपर्यंत हसले. सगळं कापून पुन्हा करायचं म्हणजे रविवारचा बुधवार झाला.

सोमवारी सकाळी मी नवा तळ घासत होते. फडकं बांधायचं विसरले होते. बराच वेळ घासलं, आणि मग लक्षात आलं की अजून कुणी ओरडलं नाही. वळून पाहिलं तर बाबा खुर्चीत तसेच बसलेले होते, मान जरा कलती. तुला त्या दिवशी नऊ फोन केले. डॉक्टर म्हणाले, कधीही होणार होतं. पण ते तीन दिवस माझ्या घाईने खाल्ले, आणि हे मला कुणाजवळ बोलता येत नाही. तुझ्याजवळ बोलते आहे.

सीट तयार आहे. रंग दिलेला नाही, आणि उंचवट्याची कापलेली कड गाडीवर उरली आहे तिला पुट्टीही भरली नाही, ती मुद्दाम उघडी ठेवली आहे. ये, बोट फिरवून ते पाच थर मोज. मग तू चालव, मी मागे बसते. कारखान्यापर्यंत जाऊन येऊ.

तुझी वाट पाहणारी, तुझीच,
ताई